‘उद्या बघू’ आणि तीन दिवसांचा अबोला

*ताई, मी पंचवीस वर्षांची. विश्रामबागला एका सीएच्या ऑफिसात काम करते. दोन वर्षांपासून एका मुलावर प्रेम आहे. त्याचं गाव तासगावजवळ, नोकरी पुण्यात. दर दुसऱ्या शनिवारी येतो. व्यसन नाही, संशय घेत नाही, माझ्या फोनला हात लावत नाही. तरी मी समाधानी नाही आणि का, ते कळत नाही. हा एक दिवस मला नको म्हणणार असंच वाटत राहतं. निळ्या टिक आल्या आणि उत्तर नाही आलं की पोटात गोळा येतो. दिवसातून दोन-तीनदा ‘रागावलास का?’ असं विचारते. गेल्या महिन्यात हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर जायचं मनात होतं, ड्रेस इस्त्री करून ठेवला होता. तो आल्यावर मी म्हटलं, ‘कुठं जाऊया का?’ तर म्हणाला, ‘आज जरा दमलोय गं, उद्या बघू.’ मी ‘चालेल’ म्हटलं आणि नंतर तीन दिवस नीट बोलले नाही. शेवटी तो म्हणाला, ‘तुझ्याशी बोलायचं म्हणजे न सांगता घेतलेली परीक्षा असते.’ तेव्हापासून वाटतंय, त्यानं नाही म्हणायच्या आत आपणच थांबावं. याच्या आधी घरच्यांनी तीन स्थळं आणली होती, तिन्हींनी नकार दिला. ते त्याला सांगितलेलं नाही. त्याच्याबद्दल घरी माहीत नाही. काय करू? — अबोली, सांगली*

अबोली,

टोपणनाव चांगलं शोधलंस. मुद्दाम की सहज, ते तूच जाणे.

तुझं पत्र चार पानांचं होतं, वर छापलाय तो गोषवारा. त्यात साडेतीन पानं त्याच्याबद्दल आहेत आणि त्या तीन स्थळांबद्दल जेमतेम दोन ओळी. मी त्या दोन ओळींपासून सुरुवात करते.

आपल्याकडे मुलगी बघायला आलेली माणसं तोंडावर ‘नाही’ म्हणत नाहीत. पोहे छान झालेत म्हणतात, शिक्षण विचारतात, निघताना चपला घालता घालता म्हणतात, ‘बघू, घरी बोलून कळवतो.’ मग फोन येत नाही. आठ दिवस जातात, पंधरा जातात. घरात कुणी विषय काढत नाही, पण फोन वाजला की आई पदराला हात पुसत आधी धावते. शेवटी मध्यस्थ काका कुठल्याशा लग्नात भेटतात आणि सांगतात, ‘पत्रिका जुळत नाही म्हणताहेत.’ ही पत्रिका पोह्यांच्या आधीच जुळलेली असते, हा भाग वेगळा.

मला या पद्धतीचा राग आहे आणि तो लपवायचं वय माझं उरलेलं नाही. नकार देणाऱ्यांना वाटतं, आपण सभ्यपणे वागलो. प्रत्यक्षात कारण सांगायचं काम ते त्या मुलीवरच टाकून जातात. ती रात्री आरशासमोर उभी राहून कारण शोधते. रंग असेल, उंची असेल, मोठ्यानं हसले तेच नडलं असेल. आणि स्वतःच्या नकाराचं कारण स्वतःच शोधायला बसलं की माणूस हमखास सगळ्यात झोंबणारं कारण उचलतो.

तर तू त्या शाळेत शिकलीस. तिथं ‘बघू’ म्हणजे नाही. ‘कळवतो’ म्हणजे नाही. आणि गप्प राहिले म्हणजे तर नाहीच नाही. तीन वेळा परीक्षा झाली, तिन्ही वेळा हाच अर्थ बरोबर ठरला. म्हणून मी तुला वेडी म्हणणार नाही. पण आता समोर जो आहे तो पहाटेची गाडी पकडून, पाच-सहा तास एसटीत अवघडून आलेला मुलगा आहे. तो ‘दमलोय, उद्या बघू’ म्हणाला. त्याच्या तोंडी त्याचा अर्थ एवढाच असू शकतो, की तो दमलाय आणि उद्या बघू.

मी बत्तीस वर्षं कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. निवृत्त झाले तरी खोड जात नाही, तेव्हा थोडं ऐकून घे. तुला जे होतंय त्यावर जेराल्डिन डाउनी आणि स्कॉट फेल्डमन या अमेरिकेतल्या संशोधकांचा १९९६ सालचा एक निबंध बराच गाजला. पुस्तकात त्याला नकार-संवेदनशीलता म्हणतात, मी वर्गात ‘नकाराची धास्ती’ म्हणायचे. नकार येणार अशी आधीपासून धाकधूक असणं, तो जरा कुठं दिसल्यासारखा वाटला की लगेच दिसणं, आणि दिसला की फार लागणं. तीनही एकत्र. नकार कुणाला आवडतो? पण हे तिन्ही ज्यांच्यात एकदम चालू होतं, त्यांना जोडीदाराच्या साध्या बेफिकिरीतही ‘मी नकोशी झाले’ असंच ऐकू येतं. आणि अशा माणसांबरोबर त्यांचे जोडीदारही कमी समाधानी असतात, हेही त्या निबंधात आहे.

ही धास्ती मोजायला त्यांनी अठरा प्रसंगांची एक प्रश्नावली केली. वर्गातल्या कुणाकडे वह्या मागायच्या. आईवडिलांकडे जादा पैसे मागायचे. मैत्रिणीला मोठं काम सांगायचं. प्रत्येक प्रसंगाला दोन प्रश्न: तुम्हाला किती धाकधूक होईल, आणि समोरचा हो म्हणेल असं किती वाटतं? मी ती मराठीत करून वर्गात वाटायचे. पोरं भराभर खुणा करायची आणि मधेच एखादी मुलगी पेन थांबवून खिडकीबाहेर बघत बसायची. पुढं माझ्या लक्षात आलं, की हे प्रसंग जवळजवळ सगळे मागण्याचे आहेत. कुणी तुम्हाला सोडून गेलं, कुणी बोललं, कुणी फसवलं असले प्रसंग तिथं शोधून सापडायचे नाहीत. तुम्ही तोंड उघडून काही मागताय आणि उत्तर अजून यायचंय, त्या मधल्या क्षणात काय होतं, एवढंच तिथं विचारलंय.

अठरातला एक प्रसंग असा: तुम्ही तुमच्या प्रियकराला किंवा प्रेयसीला तुमच्या आईवडिलांना भेटायला घरी बोलावता.

तिकडच्या कॉलेजातल्या मुलांसाठी लिहिलेला प्रश्न आहे हा. विश्रामबागेतल्या मुलीचं पत्र त्यांनी कुठं वाचलं होतं?

मग मी पेन्सिल घेऊन तुझं पत्र पुन्हा वाचलं. तू त्याच्याकडे मागितलं काय काय, तेवढं अधोरेखित करायचं ठरवलं. चार पानांत पेन्सिल एकदाही टेकली नाही. हरिपूरचंच घे. तुझ्या मनात संगम होता, इस्त्री केलेला ड्रेस होता, कदाचित घाटाच्या पायऱ्यांवर बसून काय बोलायचं तेही ठरलं होतं. आणि तोंडातून आलं, ‘कुठं जाऊया का?’ त्यानं नकार दिला तो ‘कुठं’ला. हरिपूर त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. नकार आलाच तर तो ‘कुठं’वर पडावा, हरिपूरवर पडू नये, अशी ती सोय होती. तू जाणूनबुजून केली नसशील. पण त्या सोयीनं होकाराचीही वाट बंद झाली. तो ‘चल’ म्हणाला असता आणि तुम्ही आमराईत फिरून आला असता, तरी तू रात्री खट्टूच झोपली असतीस.

तुझ्या असमाधानाचं मला दिसणारं कारण हेच आहे. त्याला जी मुलगी आवडते ती ‘चालेल’ म्हणणारी आहे. तुला आतून ठाऊक आहे, की ती पुरती तू नाहीस. म्हणून त्यानं कितीही माया केली तरी ती तुला लागत नाही, कुणा दुसरीच्या नावानं आलेल्या पार्सलसारखी वाटते. वर भीती ही, की खरी मी दिसले तर पार्सल परत जाईल. मग अजून जास्त ‘चालेल’.

माझंच सांगते. लग्न होऊन साताऱ्याहून सांगलीत आले त्या पहिल्या शनिवारी आमचे हे भडंग घेऊन आले. इथलं भडंग म्हणजे तळलेला लसूण भरपूर. मला लसणाचा तो वास सोसत नाही. पण नवी नवरी, मी ‘छान आहे’ म्हटलं. झालं, दर शनिवारी भडंग. मी लसूण वेचून पदराखाली लपवायची आणि शेंगदाणे खायची. अकरा वर्षं! एका शनिवारी ताप होता, चिडचिड झाली आणि मी बोलून गेले, की मला हे कधीच आवडलं नाही. आता गोष्टींमध्ये अशा वेळी नवरा हसतो. आमचे हसले नाहीत. पुडी ओट्यावर ठेवली आणि दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘अकरा वर्षं पावसापाण्यात तिथं रांगेत उभा राहिलो. एकदा सांगायचंस तरी.’ तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की मी त्यांना दुखवायचं टाळत नव्हते. मी स्वतःला वाचवत होते आणि रांगेत मात्र ते उभे होते.

आता त्या तीन दिवसांबद्दल, कारण तिथं तुझी बाजू घेता येत नाही.

डाउनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये आणखी एक काम छापलं. जोडप्यांकडून रोजची डायरी लिहून घेतली, आणि दुसऱ्या भागात जोडप्यांना वादाच्या विषयावर बोलायला बसवून त्यांचं निरीक्षण केलं. ज्यांना नकाराची धास्ती जास्त, त्यांची नाती तुटण्याचं प्रमाण जास्त निघालं. धास्ती असलेल्या मुलींच्या बाबतीत रस्ताही दिसला: भांडणानंतर त्यांचे जोडीदार नात्यावर जास्त नाराज असत, आणि भांडताना त्या मुली ज्या तऱ्हेनं वागत होत्या त्यात त्याचं बरंचसं कारण होतं. मुलांच्या बाबतीत हा धागा तसा सापडला नाही. का, यावर मी वर्गात तासभर बोलू शकले असते, इथं सोडून देते. मुद्दा हा, की जो नकार टाळायचा तोच या वागण्यानं हळूहळू ओढवून घेतला जातो.

तुझं त्या तीन दिवसांतलं वागणं म्हणजे लास्ट सीन बंद करणं, ‘काही नाही’ एवढंच उत्तर देणं, स्टेटसला दुखऱ्या ओळी टाकणं. त्याच्या बाजूनं बघ. शनिवारी तो दमला होता, झोपला. रविवारी उठला तर दार बंद. का, माहीत नाही. ‘न सांगता घेतलेली परीक्षा’ हे त्याचं वाक्य तुला नकार वाटला. मला ती तक्रार वाटते, आणि बऱ्यापैकी नेमकी. ज्याला निघून जायचंय तो एवढं नेमकं बोलायच्या भानगडीत पडत नाही.

तसंच ते ‘रागावलास का?’ तुला वाटत असेल, निदान हे तरी मी विचारते. पण त्यात तू काही मागत नाहीस, फक्त दाखला काढतेस. तो ‘नाही गं’ म्हणतो, तुला तास-दोन तास बरं वाटतं, मग दाखल्याची मुदत संपते. मुळात तुझा त्या उत्तरावर विश्वास नाही, म्हणून ते कितीही वेळा मिळालं तरी पुरत नाही. त्यालाही एव्हाना कळलं असेल, की आपल्या ‘नाही’ला इथं किंमत नाही.

तुझ्या पत्रात शेवटच्या पानावर, समासात, एक ओळ आहे: ‘त्यालाही दोन मुलींकडून नकार आला होता, भाऊ द्राक्षबाग बघतो म्हणून, पण तो त्यावर हसतो.’ हसतो ना? आमच्या जिल्ह्यात, साताऱ्याकडेही, शेतीचं नाव काढलं की स्थळ परत जातं हे मी गेली कित्येक वर्षं पाहतेय. चांगली, कष्टाळू पोरं तिशी ओलांडून बसलीत. मुलगे या गोष्टी हसून सांगतात, कारण दुसरी कुठली तऱ्हा त्यांना शिकवलेलीच नसते. तुझी तीन आणि त्याची दोन, पाच नकार तुम्हा दोघांच्या मधे बसलेत आणि दोघंही त्यांच्याकडे न बघता गप्पा मारताय. तो पुन्हा ‘दमलोय’ म्हणाला तर त्यात थोडी त्याचीही धास्ती असेल. नसेलही. विचारल्याशिवाय कळणार कसं?

तू विचारलंस, मीच आधी थांबवू का? नको. निदान या कारणासाठी नको. त्याच्या हातून नकार येऊ नये म्हणून स्वतःच्या हातानं तो लिहून टाकायचा, यात मिळतं काय? दुखणं तेवढंच राहतं, फक्त सही बदलते.

पण एक बाजू मोकळी ठेवते. धास्ती आहे म्हणून ती प्रत्येक वेळी खोटीच असते असं नाही. दोन वर्षं झाली. त्याच्या घरी तुझ्याबद्दल माहीत आहे का, ते तू लिहिलेलं नाहीस. तू स्पष्ट, नाव घेऊन विचारलंस आणि तीन वेळा धुकंच मिळालं, विषय बदलला, तारीख पुढं गेली, तर मग तो ‘बघू’ पोह्यांच्या बैठकीतलाच आहे असं समज आणि तसा निर्णय घे. मात्र स्पष्ट विचारून झाल्यावर. आज तुझ्याकडे पुरावा म्हणावा असा एकच आहे, तो म्हणजे एसटीचा प्रवास करून दमलेला मुलगा.

सुरुवात लहान गोष्टींपासून कर. हरिपूरला हळदीची पेवं असायची, म्हणजे जमिनीखाली हळद साठवायचे खड्डे. तुझ्या आजोबांना विचार, पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. तोंड उघडून ठेवायचे, हवा खेळू द्यायचे, मग उतरायचे. बंद हवेत घाई केली तर जिवावर बेतू शकतं. तू दोन वर्षांचं साठलेलं एकदम काढू नकोस. येत्या पंधरा दिवसांत ‘चालेल’ हा शब्द शक्य तेवढा बाजूला ठेव. भेळेच्या गाडीवर ‘मला कांदा नको’ म्हण. फोनवर ‘आज मला पाचच मिनिटं बोलायचंय, पण आत्ताच’ म्हण. तो कधी हो म्हणेल, कधी नाही. त्या ‘नाही’नंतर जग कसं जागच्या जागी राहतं, ते बघायची सवय व्हायला हवी. अशा स्वस्तातल्या नकारांवर हात बसला की महागातलं विचारायचं बळ येतं.

उत्तर न आल्यावर पोटात गोळा येतो तेव्हा फोन दुसऱ्या खोलीत ठेवून अर्धा तास काहीतरी हातानं करायचं काम कर. भाजी निवड, कपडे घडी कर. हा आजीबाईचा बटवा वाटेल, पण लहान मुलांसमोर मार्शमॅलो ही मऊ मिठाई ठेवून ‘लगेच न खाता थांबलास तर आणखी एक मिळेल’ असं सांगणारा मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचा जो प्रसिद्ध प्रयोग, त्यातल्या मुलांचा मोठेपणी पाठपुरावा झाला. २००० साली छापून आलेल्या त्या कामात मिशेल आणि डाउनी दोघंही होते. ज्यांना लहानपणी थांबता येत होतं, त्यांना मोठेपणी नकाराची धास्ती असली तरी तिचा त्रास कमी झालेला दिसला. मूळ प्रयोगावर पुढं बरीच उलटसुलट चर्चा झाली, ती असो. पण रागाच्या पहिल्या दहा मिनिटांत पाठवलेला मेसेज परत घेता येत नाही हे कळायला प्रयोग लागत नाही. ‘सर्वांसाठी डिलीट’ केलं तरी डिलीट केल्याचं दिसतंच.

झोप उडाली असेल, ऑफिसात लक्ष लागत नसेल, जेवण तुटलं असेल तर १४४१६ वर फोन कर. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, फुकट आहे. तिथं मराठीत बोलता येतं आणि कोण कुणाची मुलगी ते कुणी विचारत नाही.

तीन स्थळांचं त्याला सांग. दया मिळवायला नको. ‘तू बघू म्हणालास की मला काय ऐकू येतं’ एवढं त्याला कळण्यापुरतं सांग. हे एक वाक्य तुला जड जाईल, मला ठाऊक आहे. पाठ करून गेलीस तरी चालेल. घरी यायचं विचारशील त्याच्या आधी हे होऊ दे.

आणि हे सगळं करायचं कुठं, तर हरिपूरलाच. पुढच्या शनिवारी तो स्टँडवर उतरला की आधी चहा पाज, माणूस दमलेला असतो. मग नाव घेऊन म्हण, ‘मला उद्या तुझ्याबरोबर संगमावर जायचंय, ऊन उतरल्यावर.’ तो म्हणेल, ‘बघू.’ सवयीनं म्हणेल, सगळेच म्हणतात. तू कप खाली ठेव आणि विचार, ‘किती वाजता?’

— ताई